पुण्याच्या पेठा आणि अहमदाबादची पोळ: जुनं शहर कसं बघायचं

सगळ्यात आधी पायी फिरा, गाडीतून यातलं काहीच कळत नाही. अहमदाबादच्या जुन्या भागात (२०१७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे) एखाद्या पोळमध्ये, म्हणजे एकाच दरवाजाच्या आतल्या जुन्या वस्तीत शिरा, बाहेर दरवाजा, आत अरुंद वाकडीतिकडी गल्ली, पक्ष्यांसाठी चबुतरा, आणि कित्येक घरांखाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं. एकाच जातीची किंवा धंद्याची माणसं जवळजवळ राहायची म्हणून ही रचना झाली, शिवाय उन्हाळ्यात सावलीही मिळते, मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

मग पुण्यात या. इथं बऱ्याच पेठांना वारांची नावं, वाडे आतल्या मोकळ्या चौकाभोवती बांधलेले, आणि पेशव्यांनी कात्रजहून पाणी आणून शहरात हौद भरले. म्हणून दोन्हीकडे आधी पाणी शोधा, मग देऊळ, मग बाजार, त्यावरून लोक कुठं जमायचे ते कळतं.

हे सगळं वहीत लिहून ठेवा, नुसते फोटो पुरत नाहीत. तुमच्या शहराचा डीपी (विकास आराखडा) हरकती-सूचनांसाठी खुला होतो तेव्हा मुदतीत लेखी हरकत द्या, रस्तारुंदीत कुठला पार, कुठला हौद जातोय ते नाव घालून लिहा.