झाकणाखाली साय दिसली म्हणून हेड उतरवू नका: ऑइलमधलं पाणी ओळखताना या चुका टाळा

डिसेंबरात एका सकाळी ऑइल टाकायचं झाकण उघडलं, तर आतून पिवळट-पांढरी साय. पोटात गोळाच आला. गॅरेजवाल्याने झाकण पाहिलं न पाहिलं आणि सांगितलं, "हेड गॅस्केट गेली, हेड उतरवावं लागेल." (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग; त्याच्याखालची पट्टी, म्हणजे गॅस्केट, फाटली की इंजिन गार ठेवणारं द्रावण, म्हणजे कूलंट, ऑइलमध्ये जाऊ शकतं.) शेजारचे काका म्हणाले, "अरे, आधी डिपस्टिक तर बघ." डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीवरचं, ऑइल स्वच्छ, कूलंट जिथल्या तिथे. माझी गाडी रोज कॉलेज रोड ते गंगापूर रोड, एवढीच फिरायची. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. इंधन जळताना तयार होणारी वाफ नाशिकच्या थंडीत गार झाकणाला लागते, तिचं पाणी होतं आणि ऑइलशी घुसळून साय धरते. घोटीपर्यंत जाऊन आलो, साय पुसली, परत आली नाही.

म्हणजे नुसत्या झाकणावरून निदान, ही पहिली चूक. डिपस्टिकवरही ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं किंवा पातळी आपोआप वाढली, तर मात्र प्रकरण गंभीर.

दुसरी चूक मला जास्त खटकते: कूलंट कमी झालं की गुपचूप पाणी ओतायचं. असं करून आपण पुरावाच पुसतो. कूलंटच्या बाटलीवर स्केचपेनने खूण करा आणि आठवडाभर रोज सकाळी, इंजिन गार असताना पाहा. पातळी उतरतेय आणि गाडीखाली ठिपका नाही, तर ते आत कुठेतरी जातंय. (गरम इंजिनचं रेडिएटर झाकण कुणीही उघडू नये, कसारा घाटात गाडी तापली तरीही.)

रात्रभर उभ्या गाडीचा ड्रेन बोल्ट (ऑइल काढायचा, इंजिनच्या तळाचा) थोडा सैल करा. पाणी जड, ते तळाशी बसतं, म्हणून सुटं पाणी असेल तर आधी तेच येतं. ऑइलचे दोन थेंब तापलेल्या जुन्या तव्यावर टाकले की तडतडतात, हीही जुनी युक्ती. चष्मा लावून, आगीपासून लांब करा. पण तडतड पाणी आहे एवढंच सांगते, ते कूलंटचं की वाफेचं हे नाही. ते प्रयोगशाळेत ऑइलमध्ये आलेल्या कूलंटमधल्या सोडियम, पोटॅशियम आणि ग्लायकॉल या रसायनांवरून कळतं.

तिसरी चूक म्हणजे दोष कायम हेड गॅस्केटवर ढकलणं. बऱ्याच डिझेल गाड्यांत ऑइल कूलर असतो, म्हणजे कूलंटने ऑइल गार करणारा भाग. तो आतून गळला की दोन्ही मिसळतात. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब जास्त, म्हणून ऑइल कूलंटमध्ये शिरतं. बंद केल्यावर ऑइलचा दाब जातो, कूलंटचा काही वेळ टिकतो, आणि प्रवाह उलटतो. निळं द्रावण पिवळं होतं का पाहायची गॅस टेस्ट अशा वेळी काहीच दाखवत नाही, कारण जळलेला वायू कूलंटमध्ये गेलेलाच नसतो. प्रेशर टेस्ट करायला सांगा: कूलंटच्या यंत्रणेत पंपाने दाब भरून काटा उतरतो का, ते बघतात.

दुधाळ ऑइल दिसल्यावर "गॅरेजपर्यंत तरी नेऊ" म्हणून गाडी चालवू नका. ग्लायकॉल बेअरिंग खातं, टो करा. गोदेच्या पुरात बुडालेल्या गाडीला तर सेल्फसुद्धा मारू नका. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

काम झाल्यावर नवीन ऑइल-फिल्टर टाकून थोडं चालवा आणि पुन्हा दोन्ही बदला. पहिलं ऑइल आतली उरलेली साय घेऊन येतं.