ठाण्याहून बोर्डी: कुत्र्याला घेऊन कॅम्परव्हॅनमधला एक दिवस

बोर्डी हा डहाणूच्या पुढचा समुद्रकिनारा, म्हणून वार सुट्टीचा निवडण्याआधी तिथी बघा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब इथे कामाचा आहे. अष्टमीला भरती साधारण सहाला येते, म्हणजे ओहोटी बाराच्या सुमारास. वाळू मोकळी होते तीच नेमकी तापलेली असताना, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांजवळ असतं. कुत्र्यासाठी हा दिवस वाया. तृतीयेला, शुद्ध असो वा वद्य, भरती सव्वादोनच्या आसपास, त्यामुळे ओहोटी सकाळी साडेआठच्या पुढेमागे. द्वितीया ते चतुर्थी यातला दिवस धरावा. हिशेबात तासभर फरक पडू शकतो आणि डहाणूकडे पाणी मुंबईपेक्षा थोडं उशिरा चढतं, म्हणून निघण्याआधी डहाणूचा भरतीचा तक्ता मोबाइलवर बघून घ्या.

पहाटे पाचला ठाणं सोडायचं. घोडबंदर रोड, त्याच्या शेवटी फाउंटनचा नाका, मग अहमदाबाद हायवेने खानिवडे टोल, मनोर, चारोटी, आणि तिथून डावीकडे डहाणू. डहाणूहून बोर्डी किनाऱ्याकिनाऱ्याने, सतरा-अठरा किलोमीटर. ऐरोली-वाशीकडच्यांनीही ठाण्यात येऊन हाच रस्ता धरावा. भिवंडी-वाडा-मनोर नकाशावर सोपा दिसतो, पण खड्ड्यांमध्ये मागच्या भागातल्या कुत्र्याचे फार हाल होतात. छतावरच्या एसीसकट गाडीची उंची मोजून डॅशबोर्डवर चिकटवा. रेल्वेखालचे बोगदे, आडवे लोखंडी बार आणि वाड्यांमधल्या रस्त्यांवर लोंबणाऱ्या वायरी चुकवायला तो आकडा लागतो.

खाणं आदल्या रात्री, नेहमीएवढं. निघताना पोट भरू नका. निघण्याआधी तीन-चार तासांत खाल्लेलं घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या वळणांवर बाहेर येतं. उलटीची सवय असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून, आणि ती किती आधी द्यायची तेही विचारून. पाणी मात्र थांबवायचं नाही. एरवी किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिली लागतं, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला लिटर-सव्वालिटर. किनाऱ्यावर दुप्पट धरा, शिवाय पाय धुवायला टाकीत दहा लिटर वेगळं ठेवा.

गाडी चालू असताना कुत्रा मोकळा नको. छातीचा हार्नेस घालून तो सीटबेल्टला अडकवा. गळ्यातल्या पट्ट्याला अडकवलं तर जोराच्या ब्रेकला सगळा झटका मानेवर येतो. पिंजरा वापरत असाल तर तो रॅचेट पट्ट्याने (खटका ओढून घट्ट आवळता येणाऱ्या) गाडीच्या जमिनीतल्या हुकांना बांधा. नुसता कोपऱ्यात रेटलेला पिंजरा घाटात सरकतो. दोन तासांनी एक थांबा पुरतो, मनोरच्या आसपास. आधी साखळी हातात, मग दार. हायवेवर कुत्री हातातून सुटतात ती बहुतेक दार उघडण्याच्या त्या दोन सेकंदांत.

आठला बोर्डी. गाडी सुरूंच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला, कडक जमिनीवर लावा. वाळूत अजिबात उतरवू नका. तीन-साडेतीन टनांचं धूड रुतलं की ट्रॅक्टर येईपर्यंत भरती येते. बोर्डीचा किनारा सपाट असल्याने ओहोटीला पाणी फार दूर जातं आणि कुत्रा त्याच्यामागे धावतो. पुढे चिखल लागतो. पाणी परतताना आधी मागच्या खोलगट भागांत शिरतं, मग तुमच्या समोर दिसतं. त्यामुळे तक्त्यातली ओहोटीची वेळ झाली की, समोर कितीही वाळू दिसो, मागे वळायचं. वाळत घातलेल्या मासळीपाशी साखळी आखूड धरा. वाळूवर पडलेले मासे, विशेषतः फुगलेले, तोंडात जाऊ देऊ नका, त्यातले काही विषारी असतात. जाळ्यांचे तुकडे आणि गळ यांच्यावरही नजर हवी. गावातल्या कुत्र्यांची टोळी पुढे आली तर पळू नका, कुत्र्याला आपल्या बाजूला घेऊन सावकाश आडवं निघून जा.

साडेनऊनंतर हाताची पालथी बाजू वाळूवर टेकवून बघा. सात सेकंद ठेववत नसेल तर पंजेही भाजणार, मग फिरणं बंद.

दहा ते चार हा दिवसाचा अवघड भाग, आणि खरे घोटाळे इथेच होतात. बाहेर ३० अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत चाळीसच्या आसपास आणि अर्ध्या तासात पन्नासच्या जवळ तापमान जातं. काच चार बोटं उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. "एसी लावून ठेवतो" हा भरवसा किती तोकडा आहे बघा: १२ व्होल्ट, २०० अॅम्पिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण अडीच युनिट, त्यातली दोन वापरण्याजोगी. एक टनाचा एसी तासाला एक युनिटभर खातो, इन्व्हर्टरची घट वेगळी. दीड तास चालला तर खूप. शिवाय एसी ट्रिप होऊन बंद पडल्याचं तुम्हाला बाहेर कळत नाही. म्हणून जेवायला जाताना कुणीतरी एकाने कुत्र्याजवळ थांबायचं, नाहीतर चिकूच्या वाडीतल्या एखाद्या घरगुती राहण्या-जेवणाच्या जागी आधी फोन करून सावली ठरवायची. कुत्रा चालेल का, हे स्पष्ट विचारा. घोलवड-बोर्डीच्या वाड्यांमध्ये सावली दाट असते. पडलेले चिकू मात्र उचलू द्यायचे नाहीत, बिया घशात अडकतात.

धाप थांबत नाही, लाळ घट्ट झालीय, हिरड्या लालभडक, चाल लटपटतेय, ही उष्माघाताची लक्षणं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस; ४१ म्हणजे जिवाला धोका. सावलीत आणून अंगभर, पोट-जांघांवर गार पाणी ओतत राहा आणि पंखा लावा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, उष्णता आत कोंडते. थर्मामीटर गुदद्वारात लावून ३९.५ दिसलं की पाणी थांबवा आणि लगेच पशुवैद्य गाठा. डहाणू-पालघरमधल्या दोन दवाखान्यांचे नंबर निघण्याआधीच लिहून ठेवलेले असावेत. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना घेऊन मार्च ते मेमध्ये हा बेत करूच नये.

साडेचार-पाचला पुन्हा खाली. तृतीयेला या वेळी पाणी उतरत असतं, त्यामुळे संध्याकाळचा फेरा निवांत होतो. समुद्राचं पाणी कुत्रा पिणारच; थोडं प्यायला तर पोट बिघडतं, जास्त गेलं तर अंगात मीठ चढून झटके येऊ शकतात. दर पंधरा मिनिटांनी वाटीत गोडं पाणी पुढे करा.

निघण्याआधी पाय आणि पोट गोड्या पाण्याने धुवा, कान कोरडे करा, बोटांच्या बेचक्यांत आणि कानामागे गोचीड शोधा. रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लसींचं कार्ड गाडीच्या कप्प्यात हवं. सातला सुटलात तर घोडबंदर कसंबसं निभावतं. रात्री मालवाहू गाड्या सुटल्या की गायमुखला तासभर सहज जातो. दुसऱ्या दिवशी गाडीचा खालचा भाग, चाकांच्या कमानी आणि ब्रेक साध्या पाण्याच्या फवाऱ्याने धुवून घ्या, खाऱ्या वाऱ्याचा गंज तिथूनच धरतो.