तेलाचा हिशेब किराण्याच्या यादीवरून

वजनाचा काटा हलेना. पोळीवरचं तूप मी चमच्याने मोजून वहीत लिहीत होते. पण फोडणीचं तेल? ते बरणीतून अंदाजपंचे! शेवटी किराण्याच्या यादीवरून गणित मांडलं. आम्ही चौघं, महिन्याला ५ लिटर. लिटरमागे साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे माणशी रोज ३८ ग्रॅम, आणि दर ग्रॅमला ९ कॅलरी. डोळेच उघडले. आता सकाळीच दिवसाचं १०० मिली तेल वाटीत काढून ठेवते. संपलं की संपलं. सासूबाई दोन दिवस कुरकुरल्या, मग झाकणावर पाणी ठेवून भाजी वाफवायला त्यांनीच शिकवलं. दाण्याचा कूट मात्र विसरलेच होते. त्यात जवळजवळ निम्मी चरबी! आता तोही चमच्याने.