‘बटन, बटन, बटन’: सोलापुरात बसून ॲक्सेसिबिलिटीचं काम शिकताना

माझी सगळ्यात लाडकी वेबसाइट अशी होती, की तिच्यावर एका माणसाला एक चादर विकत घेता आली नाही.

अक्कलकोट रोडवरच्या एका चादर-टॉवेल कारखानदारासाठी मी ती केली होती. वर सरकणारे फोटो, रंग निवडायला गोल गोल ठिपके, माउस नेला की मोठी होणारी नक्षी. मालक खूश, मी खूश. महिनाभरानं त्यांच्या ओळखीतल्या एका पेटी शिकवणाऱ्या सरांचा दुकानावर फोन आला, “लेकीच्या सासरी चादरी पाठवायच्यात, पण तुमची साइट माझ्याशी बोलेना.” सर जन्मापासून अंध. मालकांनी मला त्यांच्या घरी पिटाळलं.

सरांनी मोबाइल टेबलावर ठेवला, स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणारं टॉकबॅक सुरूच होतं, आणि बोटानं एकेक पायरी पुढे सरकू लागले. “बटन. बटन. बटन. बटन.” मग फोटोच्या जागी कॅमेऱ्यानं दिलेलं फाइलचं नाव, त्यातले सगळे आकडे एकेक करून. मग परत बटन. सर थांबले आणि म्हणाले, “आता ह्यातलं लाल कुठलं, सांगा की ओ इंजिनिअर.”

सात ठिपके होते. मी सातांनाही रंग दिला होता, नाव एकालाही दिलं नव्हतं.

ॲक्सेसिबिलिटी किंवा सुलभता म्हणजे साइट अपंग माणसालाही वापरता येईल अशी करणं. या कामात नव्यानं येणारी मुलं मला हमखास विचारतात की सुरुवात कुठल्या कोर्सनं करू. माझं उत्तर असं, की आधी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, लावून स्वतःची एक जुनी साइट ऐका. विंडोजसाठी एनव्हीडीए फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांच्या हातून २००६ मध्ये त्याची सुरुवात झाली. पहिले दोन दिवस डोकं उठेल, कारण तो भराभर बोलतो. त्यातला स्पीच व्ह्यूअर चालू ठेवा, म्हणजे बोललेलं अक्षरांत दिसतं. ‘एच’ दाबलं की पुढच्या शीर्षकावर, ‘के’ दाबलं की पुढच्या लिंकवर, आणि इन्सर्टबरोबर एफ७ दाबलं की पानावरच्या सगळ्या लिंका-शीर्षकांची यादी. माझ्या पानावर अशी यादी काढली तेव्हा ‘अधिक वाचा’ अकरा वेळा आलं. कशाबद्दल अधिक, ते देव जाणे.

त्यानंतर माउस बाजूला ठेवून कीबोर्डवरच्या नुसत्या टॅब कीवर तेच पान चालवा. इथे मी दुसऱ्यांदा तोंडावर पडलो. टॅब दाबल्यावर बटनाभोवती जी निळी चौकट येते, ती मला ‘घाणेरडी’ वाटली म्हणून मीच कोडच्या एका ओळीत काढून टाकली होती. हाताला कंप असलेला, माउस न पेलणारा माणूस त्या चौकटीवरच चालतो. ती काढणं म्हणजे अंधाऱ्या जिन्यातला कठडा काढणं.

नियमांचं पुस्तक यानंतर उघडा, आधी नको. त्याचं नाव डब्ल्यूसीएजी, कामातले लोक ‘डब्ल्यूकॅग’ म्हणतात. सध्याची आवृत्ती २.२, ऑक्टोबर २०२३ मधली. ए, एए, एएए अशा चढत्या कडकपणाच्या तीन पातळ्या. गिऱ्हाईक जवळपास नेहमी एए मागतं. सगळं पाठ करत बसू नका. मी सुरुवातीला पाचच क्रमांक वहीत लिहिले होते: १.१.१ चित्राला पर्यायी मजकूर, १.४.३ अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक, २.१.१ सगळं कीबोर्डनं, ३.१.१ पानाची भाषा, ४.१.२ प्रत्येक बटनाला नाव आणि भूमिका. सरांची ती सात बटनं म्हणजे ४.१.२.

रंगाचा हिशोब सोपा आहे. साध्या आकाराच्या अक्षरांना ४.५ ला १ एवढा फरक लागतो, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. पांढऱ्यावर ७७७७७७ या कोडचा करडा रंग ४.४८ वर अडकतो आणि नापास होतो. ७६७६७६ मात्र पास. डोळ्याला दोन्ही सारखेच. यावरून डिझायनरशी भांडायचं नसतं, आकडा दाखवायचा आणि चहा सांगायचा.

आता आपल्या भाषेचं. हे इंग्रजी कोर्सांत क्वचितच सापडतं आणि मराठी मजकुरावर काम करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून छळतं.

बहुतेक तयार टेम्प्लेटमध्ये एचटीएमएलच्या, म्हणजे पानाच्या मूळ कोडच्या, अगदी वर पानाची भाषा इंग्रजी लिहिलेली असते. आपण आत देवनागरी भरतो आणि ती ओळ तशीच राहते. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावतो आणि मराठीचा भुगा करतो. तिथे ‘एमआर’ लिहा, दोन अक्षरांचं काम. काही जण घाईत हिंदीचं ‘एचआय’ टाकतात, ‘देवनागरीच आहे की’ म्हणून. चालतं, पण सर लगेच ओळखतात: “ही बाई आपली नव्हे.” हिंदी आवाज चादरीचा ‘च’ चहातल्या ‘च’सारखा काढतो. सोलापूरच्या माणसाला सोलापुरी चादर परक्या तोंडून ऐकवायची म्हणजे कमालच.

दुसरी डोकेदुखी जुने फॉन्ट. आपल्याकडचं पुष्कळ डीटीपी अजून युनिकोडपूर्व, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या, फॉन्टांत होतं. स्क्रीनवर सुंदर मराठी दिसते, आत मात्र रोमन अक्षरांचं कडबोळं असतं. ओळखायची युक्ती अशी: पीडीएफमधली एक ओळ उचलून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे कचरा आला तर सरांच्या कानातही कचराच जातो. काहीच निवडता आलं नाही तर तो स्कॅन, म्हणजे नुसता फोटो. एका संस्थेनं प्रवेशाची सूचना अशी फोटो म्हणून टाकली होती, खाली मजकूर ‘वरील सूचना काळजीपूर्वक वाचावी’. मी ती पानभर सूचना युनिकोडमध्ये टाइप करून दिली. तासाभराचं काम होतं, पण तीन आठवडे पत्रव्यवहार चालला.

चित्रांचं वर्णन लिहिणं मला कुठल्या कोर्सनं शिकवलं नाही, कारखान्यातल्या मावशींनी शिकवलं. फोनवर ऑर्डर घेताना त्या सांगायच्या, “तांबडी-काळी चौकडी, काठाला मोर, दोघांना पुरती.” हेच ऑल्टमध्ये, म्हणजे चित्राच्या पर्यायी मजकुरात, लिहायचं. ‘चादरीचा सुंदर फोटो’ असं नाही. आणि जे चित्र नुसतं शोभेचं, त्याचं ऑल्ट रिकामं ठेवायचं, पण काढायचं नाही. काढलं की स्क्रीन रीडर बरेचदा परत फाइलचं नाव वाचतो.

लाइटहाउस, वेव्ह, ॲक्स ही तपासणीची साधनं जरूर वापरा, पण लाइटहाउसच्या शंभरपैकी शंभरला भुलू नका. ऑल्ट आहे एवढं यंत्राला कळतं. मोराच्या जागी हत्ती लिहिलाय हे कळत नाही. आणि ‘एक ओळ टाका, साइट आपोआप सुलभ होईल’ असं विकणाऱ्यांपासून चार हात लांब. अमेरिकेत असाच दावा करणाऱ्या एका कंपनीला २०२५ मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं १० लाख डॉलर भरायला लावले.

पोटापाण्याचं काय, हा प्रश्न पालकांचा जास्त असतो. काम आहे. भारतात २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं ई-केवायसीच्या खटल्यात डिजिटल सोयी मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग धरला. युरोपात २८ जून २०२५ पासून तिथला सुलभता कायदा लागू झालाय. म्हणजे तिकडं ग्राहकांना माल किंवा सेवा ऑनलाइन विकणाऱ्या बहुतेकांना हे करणं आलंच. कोडिंग येत नसेल तर पीडीएफ टॅग करणं (शीर्षक कुठलं, परिच्छेद कुठला ते स्क्रीन रीडरला कळेल अशा खुणा घालणं), व्हिडिओतलं बोलणं खाली अक्षरांत देणं, तपासणी करणं ही कामं आहेत. डब्ल्यूकॅग काढणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेचा प्राथमिक कोर्स ऑनलाइन फुकट ऐकता येतो. सीपीएसीसी ही या कामातल्या पायाभूत प्रमाणपत्राची परीक्षा कोड न लिहिणाऱ्यांनाही देता येते, पण तिची फी परदेशी हिशोबाची आहे. पहिल्या वर्षात ती भरू नका, त्यापेक्षा चार साइटांचे अहवाल लिहा.

अहवालात ‘साइट सुलभ नाही’ असं मोघम लिहाल तर कोणी वाचणार नाही. कुठलं पान, काय केलं, काय ऐकू आलं, काय यायला हवं होतं, कोणाचं काम अडतं, आणि शेवटी नियमाचा क्रमांक. माझा पहिला अहवाल बारा पानांच्या साइटवर चाळीस पानांचा झाला होता. गिऱ्हाइकानं उघडलासुद्धा नाही. दुसऱ्या वेळी वरच एक ओळ टाकली: ‘अंध गिऱ्हाइकाला पैसे भरता येत नाहीत.’ संध्याकाळी फोन आला.

आणि अपंग माणसाला तपासायला बसवलंत तर पैसे द्या. ‘तुमच्याच भल्यासाठी’ म्हणून फुकट राबवून घेण्याची आपल्याकडे फार सवय आहे. मीही पहिल्यांदा सरांकडे शेंगाचटणीची पुडी घेऊन गेलो होतो. त्यांनी ती घेतली आणि तासाचा दर सांगितला.

चादरी त्यांनी पुढच्या गड्ड्याच्या जत्रेआधी साइटवरूनच मागवल्या, दोन तांबड्या आणि एक मोरपंखी. पैसे भरताना मात्र ओटीपी ऐकून, परत पानावर येऊन, रकाना शोधेपर्यंत वेळ संपायची. तिसऱ्या खेपेला जमलं. ते पान बँकेचं, माझ्या हातातलं नाही. तरी तक्रारीचं पत्र आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. उत्तर आलंय, पीडीएफमध्ये. स्कॅन केलेलं.