लहान घरात सामानासाठी जागा कशी शोधावी

घर लहान पडायला लागलं की सगळ्यात आधी आणखी एक कपाट घ्यायचं ठरतं. कपाट येतं, चालायची वाट अरुंद होते आणि थोड्याच दिवसांत त्याच्या मागच्या रांगेत काय ठेवलंय हे कुणाला आठवत नाही. माझं ठाम मत आहे की लहान घरात खरी अडचण असते ती कप्प्यांच्या खोलीची. ज्या डब्याला १५ सेंटिमीटर पुरतात त्याला आपण ६० सेंटिमीटर खोल कप्पा देतो आणि मागचे ४५ सेंटिमीटर अंधारात जातात. म्हणून मोठी मोकळी जागा शोधत बसू नका, उथळ जागा शोधा. वेड्यावाकड्या घरात तर त्या हमखास सापडतात.

१. आधी सामान मोजा, भिंती नंतर

टेप घ्या आणि ज्या वस्तू बाहेर पडून असतात त्यांची मापं लिहून काढा. काही मापं साधारण ठरलेली असतात. हँगरवरच्या शर्टाला ५५ ते ६० सेंटिमीटर खोली लागते. कादंबरीच्या आकाराच्या पुस्तकाला १५ पुरतात, फाइलींना २५ ते ३०. बुटांना आडवे ठेवलं तर ३० च्या वर जातात, पण तिरके उभे केले तर १८-२० सेंटिमीटरच्या कपाटातही मावतात.

मापाशेजारी ती वस्तू कितीदा लागते तेही लिहा. रोज लागणारं सामान गुडघ्यापासून डोळ्यांच्या उंचीपर्यंतच्या पट्ट्यात हवं. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूंसाठी माळा आणि पलंगाखालचा सर्वांत आतला कोपरा आहे. त्यांनी हाताशी असलेला कप्पा अडवू नये. रिकाम्या प्रवासी बॅगा एकात एक घाला. सर्वांत मोठ्या बॅगेत जड पांघरुणं ठेवता येतात.

२. घरातून एक फेरी मारा

प्रत्येक दार उघडा आणि त्याच्या मागे किती जागा उरते ते पाहा. १२ सेंटिमीटर उरत असतील तरी एका रांगेत बाटल्या, छोटे डबे किंवा पुस्तकं ठेवणारी उंच फळी बसते. फ्रिजशेजारच्या फटीत चाकांची बारीक ट्रॉली सरकवता येते, फक्त उत्पादकाने हवेसाठी सांगितलेलं अंतर सोडा. स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या पायथ्याशी, जिथे पावलं आत जातात, तिथली पट्टी काढली तर मागे साधारण १० सेंटिमीटर उंचीची पोकळी असते. ताटं आणि बेकिंग ट्रे यांसाठी ती उत्तम.

मला स्वतःला सर्वांत आवडणारी जागा म्हणजे खांबाशेजारची खाच. सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीत खांब बहुधा भिंतीपेक्षा जाड असतो, त्यामुळे तो खोलीत पुढे येतो आणि त्याच्या बाजूला १० ते २५ सेंटिमीटर खोल कोनाडा तयार होतो. लोक तिथे झाडू उभा करतात किंवा फर्निचर पुढे ओढून ती खाच झाकून टाकतात. त्याऐवजी खांबाच्या पुढच्या कडेशी समपातळीत येतील अशा फळ्या जमिनीपासून छतापर्यंत बसवा. खोलीचा आकारही एकदम सरळ वाटायला लागतो. फळ्या कापताना मात्र सगळ्या एका मापाच्या करू नका. भिंती क्वचितच काटकोनात असतात. प्रत्येक फळीच्या उंचीवर पुढची आणि मागची रुंदी वेगळी मोजा आणि २-३ मिलिमीटर कमी ठेवून कापा.

३. फळी किती लांब चालेल ते पाहा

पुस्तकांच्या एका मीटर रांगेचं वजन २० ते ३० किलोपर्यंत जातं. दर मीटरला तेवढाच भार असलेल्या फळीची लांबी दुप्पट केली की तिचा झोळ, म्हणजे मधलं वाकणं, १६ पट होतो. जाडी दुप्पट केली तर तोच झोळ एक अष्टमांश होतो. तेव्हा १८ मिलिमीटरच्या पार्टिकल बोर्डला पुस्तकांसाठी ६०-७० सेंटिमीटरवर आधार द्या. मधे आधार नको असेल तर पुढच्या कडेला खाली उभी लाकडी पट्टी लावा. फळी बरीच ताठ होते.

४. अवघड आकार

जिन्याखाली खोल कपाट करून एकच दार लावू नका. शेवटच्या त्रिकोणात गेलेली वस्तू काढायला सगळं बाहेर काढावं लागतं. जिन्याच्या बाजूने बाहेर येणारे उभे, चाकांचे खण करा. प्रत्येक खण वेगळ्या उंचीचा होतो, सर्वांत उंच खणात कोट, सर्वांत बुटक्यात बूट.

उतरत्या छताखाली बुटक्या बाजूला ड्रॉवर आणि उंच बाजूला हँगर. शर्टांना दांड्यापासून सुमारे १ मीटर उंची लागते, लांब कपड्यांना दीड मीटर. कपाट उथळ असेल, समजा ४० सेंटिमीटर, तर दांडा आडवा न लावता मागून पुढे येणारा लावा. कपडे दर्शनी बाजूने दिसतात आणि दारही नीट बंद होतं.

खोलीत उघडणाऱ्या दाराने कोपरा अडत असेल तर बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला घेऊन बघता येतात, किंवा सरकतं दार बसवता येतं. एका दारामागे एवढी जागा मोकळी होते की नवं कपाट घ्यायची गरजच पडत नाही.

५. या जागा सोडा

फ्यूजबोर्ड, पाण्याचा मुख्य कॉक, गॅसचा नॉब आणि हवा खेळण्याच्या जाळ्या मोकळ्याच हव्यात. बाहेर पडायच्या वाटेतही काही ठेवू नका. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवलं तर मागे बुरशी धरते, म्हणून काही सेंटिमीटर अंतर ठेवा. वजन पेलणाऱ्या भिंतीत किंवा खांबात खाच पाडायचा विचारही करू नका.

६. भोक पाडण्याआधी

पुठ्ठ्याचा त्याच आकाराचा ठोकळा करा आणि तो काही दिवस तिथे ठेवून घरात वावरा. दाराला, खांद्याला, मुलांच्या डोक्याला लागतो का ते लगेच कळतं. स्विच किंवा सॉकेटच्या सरळ वर, खाली आणि बाजूला भोक पाडू नका, वायरी बहुधा त्याच रेषेत जातात. विटा, काँक्रीट आणि पोकळ पॅनेलची भिंत, तिन्हींसाठी स्क्रू धरायला भोकात बसवायचे प्लग वेगळे लागतात. पोकळ भिंतीत साध्या प्लगवर पुस्तकांचं वजन टाकलं तर तो उपटून येतो. भाड्याचं घर असेल तर जमिनीवर उभी राहणारी रॅक, दाराच्या वरच्या कडेला अडकवायच्या खुंट्या आणि दोन भिंतींमध्ये दाबून बसणारा दांडा एवढ्यावर बरंच निभावतं. मात्र उंच आणि उथळ कपाट सहज पुढे कलतं. त्यात जड वस्तू खाली ठेवा. घरात लहान मूल असेल तर घरमालकाची परवानगी काढा, पण कपाटाचा माथा भिंतीला पट्टीने बांधाच.