बँडमध्ये बेस गिटारचे सूर ऐकू येत नव्हते: प्रीॲम्पच्या ईक्यूने कसे सुटले

एकट्याने वाजवताना बेस भरदार लागायचा. ड्रम आणि गिटार सुरू झाले की नुसती घुमघुम उरे, सूर कोणता ते कळतच नसे. नव्या तारा लावल्या, ॲम्प कोपऱ्यातून बाहेर काढला, बेसची (खालच्या सुरांची) नॉब आणखी वाढवली. शेवटच्या उपायाने तर घुमघुम वाढलीच. फार वैताग आला होता.

शेवटी हा क्रम लागू पडला. प्रीॲम्प म्हणजे मुख्य ॲम्पच्या आधीचा भाग; त्यातल्या ईक्यूने (इक्वलायझर) खालचे, मधले, वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करता येतात. त्याच्या सगळ्या नॉब मध्यावर. सर्वांत जोरात वाजवून क्लिप दिवा (आवाज फाटू लागल्याची खूण) लागेपर्यंत गेन, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलची पातळी, वाढवला, मग थोडा मागे. मिडची (मधल्या सुरांची) फ्रिक्वेन्सी २५० हर्ट्झच्या आसपास फिरवत घुमघुम सर्वाधिक जाणवते ती जागा शोधली आणि तिथे ४ डेसिबल कमी केले. दुसरा मिड ८०० हर्ट्झवर, ३ डेसिबल वाढवला. बेसची नॉब मध्यावरच. शेवटी आवाज आधीइतका केला, नाहीतर जे जोरात तेच चांगले वाटते.

ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा, पण गर्दीत कान तो वरच्या स्वरांशांवरून (मूळ सुराबरोबर वाजणाऱ्या त्याच्या पटीतल्या सुरांवरून) ओळखतो. हे सगळे पूर्ण बँड वाजत असतानाच करा.