मूळव्याधीची खाज: मलम कधी, किती आणि कसं लावावं

मूळव्याधीच्या खाजेवर मलमाने आराम पडतो. पण ओल्या किंवा घासून लाल झालेल्या त्वचेवर ते चोपडलं, तर चुरचुर वाढते. आधी जागा कोरडी, मग मलम, आणि तेही थोडंच.

सुरुवातीला ट्यूबवरचे घटक वाचा. लिग्नोकेन जागा बधिर करतं, त्यामुळे खाज आणि ठणका काही मिनिटांत कमी होतो. हायड्रोकॉर्टिझोन किंवा बेक्लोमेथासोन ही स्टेरॉइडं सूज उतरवतात, मात्र डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर ती 7 दिवसांपेक्षा जास्त लावू नयेत. त्वचा पातळ होते, आणि खाज बुरशीची असेल तर ती पसरते. याच कारणाने घरात पडलेली गजकर्णाची ट्यूब इथे लावू नका. तिच्यात बऱ्याचदा कडक स्टेरॉइड असतं. झिंक ऑक्साइड किंवा साधी पेट्रोलियम जेली त्वचेवर थर धरते, म्हणून आतून पाझरणारा चिकट स्राव त्वचेला लागत नाही. खाज थोडी असेल तर आधी हेच लावून बघावं. गरोदर बायकांनी मात्र कुठलंही औषधी मलम विचारूनच घ्यावं.

1. शौचानंतर नुसत्या पाण्याने धुवा. साबण, जंतुनाशक द्रव, सुगंधी ओले रुमाल यांनी त्वचा भाजल्यासारखी होते.

2. टबात कोमट पाणी घेऊन 10 ते 15 मिनिटं बसा. पाणी हाताला सुखद लागेल इतकंच गरम हवं. मीठ, तुरटी, डेटॉल काही घालू नका.

3. मऊ सुती फडक्याने टिपून घ्या, पुसू नका. मग दोन मिनिटं तसंच वाऱ्यावर सुकू द्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग मलमाला दोष देतात.

4. हात धुऊन बोटावर वाटाण्याएवढं मलम घ्या आणि गुदद्वाराच्या कडेच्या त्वचेवर पातळ पसरवा. जाड थराखाली ओल अडकते, त्वचा पांढरी पडून सोलते.

5. मूळव्याधीचे कोंब (सुजलेल्या गाठी) आत असतील तर ट्यूबसोबतची नळी लावा. तिच्या टोकाला थोडं मलम चोळा, कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्या, नळी अलगद आत सरकवून ट्यूब हलके दाबा. टोचलं तर जोर न करता थांबा. नंतर नळी कोमट पाण्याने धुऊन वाळवा.

सकाळी शौचानंतर एकदा, रात्री झोपताना एकदा लावा. रात्री खाज जास्त जाणवते आणि झोपेत नखं लागतात, म्हणून नखं कापलेली हवीत. लावल्यावर आग किंवा पुरळ वाढलं तर मलम बंद करा. लिग्नोकेनची अ‍ॅलर्जी काहींना होते.

कुंथणं थांबलं नाही तर मलम संपताच खाज परत येते. रात्री एक-दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्या, वर आणखी एक पेला पाणी घ्या. कमी पाण्यात ते आतच घट्ट होतं. शौचाला मोबाइल नेऊ नका.

आठवड्यात फरक पडला नाही, रक्त पडतंय, शौच काळी होते, वजन उतरतंय किंवा अचानक निळसर, कडक, दुखरी गाठ आली, तर डॉक्टरांकडे जा. लहान मुलाला रात्री तिथे खाज सुटत असेल तर ती बहुधा जंतांची असते. त्याला हे मलम लावू नका.